रिकाम्या भिंतीवरचा कप

त्या कलासंग्रहालयात चित्रांना रजा मिळायची. माणसांना मिळायची की नाही ते विचारू नका. तिथली निम्मी माणसं बिनपगारी होती, आणि बिनपगारी माणसाने रजा मागायची म्हणजे नेमकं काय मागायचं, हे आजवर कुणालाच उलगडलेलं नव्हतं. चित्रांचं मात्र चोख होतं. नाजूक चित्र सतत उजेडात टांगलं की रंग उडतात. म्हणून काही महिने भिंतीवर काढले की त्याला उतरवायचं, मऊ कागदात गुंडाळायचं आणि तळघरातल्या थंड, अंधाऱ्या खोलीत झोपवायचं. याला तिथे ‘विश्रांती’ म्हणत. चित्र गेलं की त्याच्या मापाचा एक गडद चौकोन मागे उरायचा, कारण भोवतालची भिंत तेवढ्यात फिकी पडलेली असायची. त्याखाली एक पाटी लावत: ‘चित्र विश्रांती घेत आहे.’ आणि पाटीशेजारी एक स्वयंसेवक उभा करत. इथे काय होतं, ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला.

ताई अशा एका चौकोनाशेजारी उभी राहायची. गळ्यात प्रशिक्षणार्थीचा पिवळा बिल्ला.

ताई पन्नाशी ओलांडलेली. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर “राहून गेलं” म्हणायची, एखाद्या शर्टाला बटण लावायचं राहून जावं तशी. बटणांशी तिचा संबंध होताच. सकाळभर ती बटणं, झिपा आणि लेस विकणाऱ्या दुकानात काउंटरमागे असायची. दुपार आईची. आई पलंगाला खिळल्यापासून ताईची दुपार ठरून गेलेली होती. दोनच्या सुमाराला घरी यायचं, आईचं अंग पुसायचं, कूस बदलायची, औषध द्यायचं, चहा करायचा, उशी उंच करून तिला बसवायचं, आणि ती काय म्हणतेय ते न ऐकता “हो” म्हणायचं. अशी कितीतरी वर्षं. मग आई गेली, आणि दुपार तेवढी राहिली.

सगळ्यांनी ताई रडायची वाट पाहिली. भेटायला आलेल्यांनी तर चक्क पाहिली. चहा पीत, तिच्या तोंडाकडे बघत. चहा ताईच करत होती. धाकटी बहीण दोघींच्या वाटणीचं रडली. ताईला काहीच होत नव्हतं. धाकटी दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायचं काम करते, त्यामुळे तिने आपल्या परीने निदान केलं.

“तुला भूल चढलीय, ताई. उतरली की दुखेल.”

“कधी उतरते?”

“आमच्याकडे दोन तासांत. तुझं काय सांगू? आमचे पेशंट भूल मिळावी म्हणून पैसे मोजतात, तुला फुकटात मिळालीय.”

पण भूल उतरेना. ताई दुकानातून घरी यायची, चप्पल काढायची आणि आईच्या रिकाम्या पलंगासमोरच्या खुर्चीत बसायची. अंधार झाला की उठून दिवा लावायची. मधल्या वेळात काय केलं, हे तिला सांगता आलं नसतं. धाकटी दर रविवारी येऊन म्हणायची, “तो पलंग हलवू या आता.” ताई म्हणायची, “हलवू या.” आणि दोघी त्याच्याच कडेला बसून चहा प्यायच्या.

अशाच एका रविवारी धाकटीने संग्रहालयाचं काढलं. कलाप्रेमी नागरिकांसाठी विनावेतन प्रशिक्षण.

“मी कुठली कलाप्रेमी?”

“नागरिक तर आहेस ना? अर्धं जमलं.”

“पगार नाही?”

“नाही. बिल्ला देतात. शिकत असेपर्यंत पिवळा, पक्कं केलं की निळा.”

“वेळ काय?”

“दोन ते पाच.”

ताई म्हणाली, “जाते.”

चित्रांचं तिला सोयरसुतक नव्हतं. तिला दोन ते पाच हवे होते. प्रशिक्षणाच्या शेवटी थोड्यांनाच निळा बिल्ला मिळणार आणि बाकीच्यांना आभाराचे चार शब्द, हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. आभार घेऊन घरी जायचं म्हणजे परत त्या खुर्चीत जायचं, एवढंच ताईला कळलं. बाकी सगळ्याला भूल होती. ही एक जागा तेवढी जागी होती.

शिक्षण विभागात पगारी अशा एकट्या मॅडम. त्यांच्या हाताखाली सगळी बिनपगारी फौज: काही निवृत्त माणसं, काही हौशी, आणि एक चष्मेवाली इंटर्न. या मुलीने कलेचं शिक्षण घेतलं होतं आणि ही तिची तिसरी बिनपगारी इंटर्नशिप होती. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि अनुभव मिळतो तिथे पगार नाही, अशा गोल जिन्यात ती सापडली होती. संग्रहालयाची पत्रं, पाट्या, शाळांच्या सहली, एवढंच काय मॅडमचं छापायचं यंत्र अडकलं की ते सोडवणं, सगळं तिच्याकडे.

प्रशिक्षणात पहिल्यांदा उभं राहायला शिकवलं. चित्राकडे पाठ करायची नाही, आणि प्रेक्षकांकडेही पाठ करायची नाही. हे दोन्ही एकदम साधायला गेलं की माणूस खेकड्यासारखा दिसतो. मग प्रत्येकाने एका चित्रासमोर उभं राहून ‘मला काय वाटतं’ ते सांगायचं होतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांना इतकं वाटलं, इतकं वाटलं, की शेवटी मॅडमनी टाळ्या वाजवून त्यांना थांबवलं. ताईची पाळी आली.

“मला काही वाटलं नाही,” ती म्हणाली.

“थोडं थांबून बघा.”

ताई थांबली. “नाही,” ती म्हणाली.

मॅडमही विचारात पडल्या. अशा बाईला चित्रासमोर उभं करून उपयोग नाही, पण वेळेवर येते, बसायला मागत नाही. म्हणून त्यांनी तिला चित्र नसलेल्या जागी उभं केलं. तिथे वाटण्यासारखं काही नव्हतंच.

विश्रांतीला गेलेल्या त्या चित्राचं नाव ‘खिडकीतली दुपार’. ताई यायच्या आधीच ते तळघरात गेलं होतं, त्यामुळे तिने ते कधी पाहिलेलं नव्हतं. इंटर्ननेही नाही. ती तर ताईच्याही मागून आलेली. जुन्या पाटीवर फक्त नाव आणि साल. संग्रहालयाच्या पुस्तकात एक फोटो होता, पण काळापांढरा, आगपेटीएवढा. त्यात एक बाई खिडकीशी शिवत बसलेली कळायची, आणि खिडकीच्या कठड्यावर एक डाग. छपाईचा म्हटला तर छपाईचा. मॅडमनी तोंडी सांगितलं: बाई आहे, मांडीवर निळं कापड आहे, डावीकडून ऊन येतंय. “बाकी तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा,” म्हणाल्या आणि यंत्र अडकलं म्हणून धावल्या.

दालनाच्या दारात एक पहारेकरी स्टुलावर बसायचा. सगळे त्याला मामा म्हणत. पहिल्या दिवशी त्याने ताईला आपादमस्तक न्याहाळलं.

“मला इथे बसायचे पैसे मिळतात,” तो म्हणाला. “तुम्ही उभ्या राहणार, वर बोलणारही, आणि तेही फुकट?”

“हो.”

“शिकलेल्या दिसता.”

ताईचं काम बरं चाललं. लोक यायचे, चौकोनाकडे बघायचे, पाटी वाचायचे, मग तिच्याकडे बघायचे. ती खालच्या आवाजात, बटणांचा भाव सांगावा तसं सांगायची: बाई शिवतेय. मांडीवर निळं कापड. डावीकडून ऊन. लोक मान डोलवायचे. काही जण चौकोनाकडे डोळे बारीक करून बघायचे, नीट बघितलं तर दिसेल असं. समोर चित्र नसल्यामुळे कुणी “मी घरी यापेक्षा बरं काढलं असतं” असंही म्हणायचं नाही. ही रिकाम्या भिंतीची मोठीच सोय.

एके दिवशी छत्री घेतलेले एक जाडगेले गृहस्थ आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आणि खिडकीत? खिडकीत काहीतरी होतं ना?”

“कप,” ताई म्हणाली. “बशी झाकलेला.”

हे कुठून आलं ते तिला कळलं नाही. कळून घ्यावंसंही वाटलं नाही. तोंडातून आलं, एवढंच. पण गृहस्थांचा चेहरा उजळला.

“कप! तेच म्हणतोय मी! काय काढलाय हो कप! त्याचा कान थोडा उडालेला, नाही का?”

“हो,” ताई म्हणाली. कान खरोखरच उडालेला होता.

त्या दिवसापासून कप चित्रात राहायला आला. बाई, कापड, ऊन आणि कप. लोकांना कप फार आवडायचा. बाई आणि ऊन काय, सगळ्याच चित्रांत असतं. पण अर्धा चहा ठेवून कामाला लागलेली बाई म्हटलं की शेजारी उभी असल्यासारखी वाटायची. एक आजी म्हणाल्या, “ती नंतर पिणार असेल.” ताई म्हणाली, “हो, ती म्हणायची तसं.” आजींना काही वावगं वाटलं नाही. ताईलाही नाही.

शाळेची सहल आली तेव्हा मुलांनी न पाहिलेल्या चित्राची चित्रं काढली. प्रत्येकात कप होता, काहींत बाईपेक्षा मोठा. मामासुद्धा नवख्यांना सांगायला लागला, “इतकी वर्षं बघतोय मी. त्या कपाला तोड नाही.”

तेवढ्यात चित्राची विश्रांती संपत आली. ते परत टांगायच्या दिवशीच निळे बिल्ले वाटायचे ठरलं होतं, पाहुणे बोलावलेले होते. सबंध दालनाच्या नव्या पाट्या लिहायचं काम अर्थातच इंटर्नवर आलं. ती पळत ताईकडे आली.

“ताई, तुम्ही रोज इथेच असता. दोन ओळी सांगा ना, मी नीट करून घेते.”

ताईने सांगितलं. इंटर्नने नीट करून घेतलं. मॅडमनी शुद्धलेखन तपासलं आणि पाटी छापून आली: ‘कामात गढलेल्या स्त्रीशेजारी बशीने झाकलेला कप आहे. थांबलेल्या वेळाचं हे प्रतीक लक्षवेधी ठरतं.’

चित्र वर आलं, टांगलं गेलं, त्यावरचा कागद काढला. ताई तिच्या नेहमीच्या जागी खेकड्यासारखी उभी होती. मान वळवून तिने पहिल्यांदाच ते पाहिलं. बाई होती. निळं कापड होतं. ऊन डावीकडूनच येत होतं. खिडकीच्या कठड्यावर ते ऊन पडलं होतं, आणि कठडा रिकामा होता.

ताईने कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. परत पाहिलं.

मग तिला कप दिसला. चित्रात नाही, पलंगाशेजारच्या खिडकीत. आई अर्धा चहा प्यायची, बशी झाकायची आणि म्हणायची, “नंतर पिते.” नंतर कधी प्यायची नाही. शेवटच्या दुपारीही तो तसाच होता. माणसं जमायला लागली तेव्हा ताईने तो उचलला, चहा मोरीत ओतला, कप धुतला आणि आलेल्यांसाठी आधण ठेवलं.

हे सगळं तिला आठवलं, नीट, क्रमाने. छातीत काही झालं का, म्हणून तिने वाट पाहिली. काही झालं नाही. फक्त हात गार पडले होते.

तोवर दालनात कुजबुज सुरू झाली होती. पाहुणे पाटी वाचत होते, चित्र बघत होते, परत पाटी वाचत होते. छत्रीवाले गृहस्थ बोलावलेल्यांत होतेच.

“कप कुठाय?” त्यांनी जाहीर विचारलं.

“होता,” मामा स्टुलावरून उठत म्हणाला. “मी शपथेवर सांगतो. साफ करताना पुसला असणार.”

झालं. चित्रं साफ करणारे, डागडुजी करणारे एक अबोल काका होते, सदा पांढऱ्या कोटात. सगळं दालन त्यांच्याकडे वळलं. काकांनी जन्मात एक रेघ पुसली नसेल. पण इतकी माणसं एकदम कप मागायला लागल्यावर त्यांनीही हळूच आपल्या बोटांकडे पाहिलं. इंटर्नचा चेहरा पाटीसारखा पांढरा झाला होता. मॅडमनी दात आवळून हसत पाहुण्यांना सरबताकडे वळवलं, आणि काका व इंटर्न या दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. ताईला कुणी बोलावलं नव्हतं. मुख्याध्यापक तिला म्हणाले, “तुम्ही इथेच थांबा, आपले बिल्ले वाटतील आता.”

निळे बिल्ले समोरच्या टेबलावर ताटलीत मांडलेले होते. आजचा दिवस गप्प राहिलं तर त्यातला एक गळ्यात पडणार होता आणि दोन ते पाच पक्के होणार होते. ताईने ताटलीकडे पाहिलं. मग ती दोघांच्या मागोमाग खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

आत मॅडम इंटर्नला विचारत होत्या, “तू चित्र न बघता पाटी लिहिलीस?”

“चित्र गुंडाळलेलं होतं, मॅडम.”

“मग कप आणलास कुठून?”

“माझ्याकडून,” ताई म्हणाली. “आमच्या घरून.”

मॅडमनी वर पाहिलं. “म्हणजे?”

“आईचा कप आहे. ती अर्धा चहा प्यायची आणि बशी झाकून खिडकीत ठेवायची. मला कुणीतरी विचारलं, खिडकीत काय होतं. मी सांगितलं.”

“पण चित्राबद्दल विचारलं होतं!”

“हो.”

“आणि कान उडालेला?”

“माझ्याच हातून उडाला. धुताना.”

मॅडमनी रागवायला तोंड उघडलं. तेवढ्यात पांढऱ्या कोटातले काका खाकरले.

“म्हणजे मी पुसला नाही ना?”

“नाही.”

“बाहेर सांगाल तेवढं? मामा ऐकायचा नाही माझं.”

इंटर्नला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ताईने आपला रुमाल तिला दिला. इतके महिने तो कोरडाच होता, एकदाचा कामी आला.

मॅडमनी विचार केला. पगारी माणूस असता तर पगार कापता आला असता, ताकीद देता आली असती, बदली करता आली असती. बिनपगारी माणसाला शिक्षा काय करायची याचा नियमच संग्रहालयात नव्हता.

“निळा बिल्ला मला तुम्हाला देता येणार नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “कळतंय ना?”

“कळतंय.”

“पिवळा इथे ठेवून जा.”

ताईने बिल्ला काढून टेबलावर ठेवला. दालनात जाऊन पाहुण्यांना कप तिच्या घरचा असल्याचं नेहमीच्या आवाजात सांगितलं. छत्रीवाले गृहस्थ म्हणाले, “शक्यच नाही, मी स्वतः पाहिलाय.” मग ती घरी गेली, चप्पल काढली आणि खुर्चीत बसली. दुपार तिथेच होती.

त्या आठवड्यात ती रोज तशीच बसली. शुक्रवारी दुकानात काउंटरसमोर मॅडम येऊन उभ्या राहिल्या. हातात एक तुटकं बटण.

“असं मिळेल का?”

ताईने खण उघडला, जोडीचं बटण काढून दिलं. मॅडम जाईनात.

“तुमच्या त्या चित्राशेजारी आता कुणी उभं नाही, पण लोक येऊन कप विचारतात,” त्या म्हणाल्या. “मामा रोज नवीन गोष्ट सांगतो. कालच्या गोष्टीत कप चोरीला गेलाय.”

“बरं.”

“सोमवारी दुसरं एक चित्र विश्रांतीला जातंय. नवं प्रशिक्षण सुरू करतोय. परत पहिल्यापासून, परत पिवळा. पुढे पक्कं करेन असा शब्द देत नाही. एकच अट. चित्र उतरवायच्या आधी तुम्ही त्याच्यासमोर उभं राहायचं, आणि आहे तेवढंच सांगायचं.”

“वेळ तीच?”

“तीच.”

“येते,” ताई म्हणाली, आणि बटण कागदात बांधून दिलं.

रविवारी धाकटी आली. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती पलंगावर आडवी होऊन हसली. अगं बाई, पाटी छापली? थांबलेल्या वेळाचं प्रतीक? आपल्या आईचा चहा? आणि त्या चष्मेवाल्या पोरीचं काय झालं?

“तिला प्रमाणपत्र दिलं. ‘लेखनात कल्पकता’ असा शेरा आहे. आता दुसऱ्या संग्रहालयात लागलीय.”

“पगार?”

“नाही.”

धाकटी परत हसली. मग डोळे पुसत तिने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, “तो कप कुठाय गं? टाकलास की काय?”

“हातात आहे तुझ्या.”

धाकटीने कप डोळ्यांसमोर धरला. उडालेल्या कानावरून अंगठा फिरवला. “आणि रोज कोण पितं यात?”

“रोज मी पिते त्यात. माझ्या लक्षात नव्हतं आलं.”

धाकटीने कप हळूच खाली ठेवला, खिडकीच्या कठड्यावर. अर्धा भरलेला होता. ताईने हात लांब करून त्यावर बशी झाकली.

“गार होईल,” धाकटी म्हणाली.

“होऊ दे.”

दोघी तिकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने धाकटीने नेहमीचं विचारलं, “पलंग हलवायचा का?”

ताईने पलंगाकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, मॅडमनी सांगितलं होतं तसं, आहे तेवढंच. गादी होती. उशी होती. मध्ये खोलगट जागा होती.

“आधी चहा पी,” ती म्हणाली, आणि बशी उचलली.